शेठ मागच्या सीटवर

शेठ तिसऱ्या सिग्नललाच ओकला. तेही खिडकीबाहेर नाही, अंथरलेल्या वर्तमानपत्रावर नाही, तर काटेसाहेबांच्या मांडीवर, पँटच्या इस्त्रीच्या बरोबर घडीवर. त्याआधी तो पुढच्या सीटवरून उडी मारून मांडीवर आला होता आणि त्याचा पुढचा पंजा हॉर्नवर स्थिरावला होता. हॉर्न एकसुरात वाजत राहिला. ट्रॅफिकचा हवालदार सावकाश चालत आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "तुमच्या दोघांपैकी लायसन्स कुणाकडे आहे?"

काटेसाहेबांनी गाडी वळवली. साडेतीनशे किलोमीटरपैकी दीड किलोमीटर झालं होतं.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि बाजारातल्या दुकानांचे काटे तपासत फिरायचे. पन्नास ग्रॅमची चोरी त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच दिसते अशी त्यांची ख्याती होती. हळूहळू दुकानदार त्यांना काटेसाहेब म्हणू लागले, मग इमारतीतले लोकही, आणि शेवटी पोस्टमनसुद्धा. त्यांनी एकदोनदा दुरुस्ती करून पाहिली. मग नाद सोडला.

शेठ हे नाव मात्र बायकोनं ठेवलेलं. रस्त्यावरून उचलून आणलेलं ते तपकिरी पिल्लू वर्षभरात एवढं सुटलं आणि दारातल्या पायपुसण्यावर असं काही रेलून बसू लागलं, की जणू मागे गादी आणि पुढे गल्ला आहे. "आयुष्यभर शेठ लोकांच्या मागे लागलात ना," ती म्हणाली होती, "आता हे घ्या, घरचे शेठ."

ती माहेरी गेली त्याला सहा महिने झाले होते. तिची आई स्वयंपाकघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि करणारं दुसरं कुणी नाही. "पंधरा दिवसांत येते," असं म्हणून ती एक बॅग घेऊन गेली. पंधरा दिवसांनी हाड जुळेना, दोन महिन्यांनी जुळलं पण पाय उचलेना. मग 'येते' हा शब्द फोनवरून नाहीसा झाला, आणि काटेसाहेबांनी तो विचारला नाही.

त्यांना एकट्यानं जाता आलं असतं. एकदा ते निघालेही होते. शेठला खालच्या मजल्यावरच्या बसवाल्या काकांकडे सोपवून ते रेल्वेत बसले. दुसऱ्या स्टेशनावर काकांचा फोन आला. "तुमचा शेठ माझ्या दाराची चौकट खातोय. डावी बाजू संपत आली." काटेसाहेब तिसऱ्या स्टेशनावर उतरून परत आले. म्हणजे जायचं तर शेठसकट, आणि शेठसकट म्हणजे गाडीनं. आणि गाडी म्हटलं की हे असं.

रोज साडेआठला, आईला औषध देऊन झालं की तिचा फोन यायचा.

"शेठ जेवला का हो?"

"जेवला."

"काय करतोय?"

"दाराकडे तोंड करून बसलाय. जिन्यात पाऊल वाजलं की कान उभे करतो. मग परत खाली टाकतो."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला दाराकडे बघत बसू?" काटेसाहेब म्हणायचे. मग तिच्या मागे आईचं खोकणं ऐकू यायचं, आणि एखादं भांडं ठेवल्याचा आवाज. तो भांड्याचा आवाज त्यांच्या स्वतःच्या घरात सहा महिन्यांत झाला नव्हता. ते एक ताट, एक वाटी, एक पेला वापरत आणि लगेच पुसून ठेवत.

हवालदाराच्या प्रसंगानंतर ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई तरुण होत्या, पण बोलणं मुख्याध्यापिकेचं.

"पुढच्या सीटवर बसवलंत? मोकळा? आणि निघायच्या आधी पोटभर घातलंत?"

"लांबचा प्रवास होता," काटेसाहेब म्हणाले. "उपाशी कसं न्यायचं?"

"निघायच्या चार तास आधीपासून खाणं बंद. पाणी थोडं थोडं. जागा मागची. छातीला पट्टा, आणि तो सीटबेल्टला अडकवलेला. गळपट्ट्याला नाही हं, ब्रेक लागला तर मान जाईल. काच चार बोटं खाली, पण डोकं बाहेर काढू द्यायचं नाही. दर दोन तासांनी उतरवायचं. आणि बंद गाडीत एकट्याला कधीही, पाच मिनिटंसुद्धा सोडायचं नाही."

काटेसाहेबांनी वहीत सगळं लिहून घेतलं. "चार बोटं म्हणजे किती सेंटिमीटर?" त्यांनी विचारलं. बाईंनी आपली चार बोटं वर करून दाखवली.

"आणि मुख्य म्हणजे त्याला गाडीची भीती आहे," त्या म्हणाल्या. "ती घाईनं जात नाही. पहिला आठवडा गाडी उभी ठेवा, दारं उघडी, नुसतं आत त्याच्याशेजारी बसून त्याच्याशी बोलत राहा. दुसऱ्या आठवड्यात दारं लावून बसा. मग इंजिन सुरू करून. मग फाटकापर्यंत. घरात ज्याच्यावर त्याचा जास्त जीव आहे, त्या माणसाचा एखादा वापरलेला कपडा सीटवर ठेवा. धुऊ नका."

काटेसाहेबांनी 'धुऊ नये' असं लिहून खाली रेघ मारली.

सुरुवात पट्ट्यापासून झाली. बाजारातले तयार पट्टे शेठच्या छातीला येईनात, म्हणून त्यांनी गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या कारागिराकडे पट्टा शिवायला टाकला. माप स्वतः घेतलं. कारागीर म्हणाला होता, कुत्र्याला घेऊन या, मी घेतो माप. त्यावर काटेसाहेब नुसते हसले होते. छाती बहात्तर, पोट अडुसष्ट, मान ते शेपूट अमुक. सहीसकट कागद दिला.

चार दिवसांनी पट्टा आला. शेठ त्यातून चालत गेला. म्हणजे पुढून आत शिरला आणि मागून बाहेर पडला, न वाकता.

"साहेब, मला वाटलंच," कारागीर डोकं खाजवत म्हणाला. "बहात्तर इंच म्हणजे घोडाच झाला. पण म्हटलं, साहेब वजनमापेवाले, त्यांना काय विचारायचं?"

"मी सेंटिमीटर लिहिले होते!"

कारागिरानं कागद पुढे केला. कागदावर आकडे होते, एकक नव्हतं. ज्या माणसानं एकक न लिहिल्याबद्दल शेकडो दुकानदारांना दंड केला होता, त्या माणसानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि दुसरा पट्टा शिवायला तो शेठला गुपचूप पायी घेऊन गेला.

मग बसणं सुरू झालं. संध्याकाळी सहा वाजता काटेसाहेब कामावरून आले की खाली कुंपणाच्या भिंतीलगत उभ्या असलेल्या आपल्या गाडीचं मागचं दार उघडायचे आणि शेठला घेऊन आत बसायचे. पहिल्या दिवशी शेठ शेपूट पायांत घालून थरथरत होता. काटेसाहेब समोर बघत ताठ बसले होते, दंतवैद्याकडे नंबर लावून बसल्यासारखे.

बसवाले काका लगेच आले. त्यांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती आणि उलटी या विषयावर त्यांचा शब्द इमारतीत अखेरचा होता.

"मागच्या चाकावर बसलेला माणूस ओकणारच," ते म्हणाले. "मधे बसवा."

"गाडीत मधे म्हणजे कुठे काका? गिअरवर?"

"ते तुमचं तुम्ही बघा. आणि लिंबू हुंगवा. मी माझ्या बसमध्ये लिंबू ठेवायचो."

लिंबू हुंगवल्यावर शेठ तीनदा शिंकला आणि काटेसाहेबांच्या अंगावरून उडी मारून जिन्याकडे पळाला. एका आठवड्याची मेहनत एका लिंबानं घालवली. काकांचं म्हणणं, लिंबू जुनं असेल. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी गाणी लावायचा सल्ला दिला. आणखी कुणी म्हणालं, साहेबांचं घरात पटत नसेल, म्हणून गाडीत बसतात. मग बोलणाऱ्याच्याच लक्षात आलं की घरात पटायला दुसरं कुणी नाहीच.

कपड्याचं काम सोपं होतं. कपाटात बायकोचा जुना राखाडी स्वेटर होता, कोपरावर विटलेला. ती घाईत विसरून गेली होती. काटेसाहेबांनी तो सीटवर पसरला. शेठनं आधी नाक लावलं, मग पूर्ण तोंड खुपसलं, आणि एक लांब सुस्कारा सोडून स्वेटरवर आडवा झाला. थरथर थांबली. त्या दिवसापासून त्याला गाडीत ओढावं लागलं नाही.

काटेसाहेब शेजारी बसून राहायचे. स्वेटरची एक बाही शेठच्या गळ्याखाली असायची, दुसरी त्यांच्या मांडीपर्यंत येऊन पडायची. पहिले काही दिवस त्यांनी ती उचलून व्यवस्थित बाजूला ठेवली. नंतर ठेवली नाही. कुणी येत नाही असं पाहून ते ती हातात धरून बसायचे आणि शेठशी बोलायचे, कारण डॉक्टरीणबाईंनी बोलत राहा असं सांगितलं होतं.

"शेठ, तुला नेतो," ते म्हणायचे, "पण गडबड करायची नाही. थोडे दिवस कळ काढ. मीही काढतोयच ना."

इथे प्रकरणाला भलतंच वळण लागलं. एका सकाळी मोठ्या साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि टेबलावरून एक पत्र पुढे सरकवलं. निनावी होतं. काटेसाहेबांनी वाचलं: 'सदर निरीक्षक दररोज सायंकाळी सहा ते सात या वेळेत आपल्या खासगी वाहनात कोणा शेठसमवेत बसतात. सदर शेठला बिस्किटे खाऊ घालणे, "तुला नेतो, पण गडबड करायची नाही" अशी आश्वासने देणे, इत्यादी संभाषण कुंपणाच्या भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू येते. तरी गरीब दुकानदारांनाच दंड का, याचा विचार व्हावा.'

"कोण हे शेठ?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"घरचेच आहेत."

"नातेवाईक?"

"बायकोचे."

"व्यवसाय काय त्यांचा?"

काटेसाहेबांना खोटं सांगता येत नसे. "झोपणं," ते म्हणाले.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा, तुमच्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली. एक डाग नाही. आणि आता तुम्ही माझ्याशी चेष्टा करता?"

"साहेब, शेठ म्हणजे कुत्रा आहे."

"कुणाबद्दलही असं बोलू नका!"

शेवटी आदेश निघाला, की शेठ यांना दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कार्यालयात समक्ष हजर करावं. तोपर्यंत काटेसाहेबांच्या रजेच्या अर्जावर विचार होणार नाही. अर्ज तीन दिवसांच्या रजेचा होता. एक दिवस जायला, एक राहायला, एक यायला.

त्या रात्री फोनवर त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "शेठला उद्या ऑफिसात न्यायचाय."

"कशाला?"

"चौकशी आहे."

ती सात महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. काटेसाहेबांनी फोन कानाला इतका घट्ट लावला की कान दुखला.

सकाळी शेठला काही खायला न घालता, छातीला नवा पट्टा बांधून, मागच्या सीटवर स्वेटरवर बसवून, काच मोजून चार बोटं खाली ठेवून ते निघाले. वेळापत्रकाप्रमाणे अजून फक्त फाटकापर्यंतच जायची पाळी होती. तिसऱ्या सिग्नलला काटेसाहेबांनी हॉर्नवर आधीच हात आडवा धरला. त्यांनी आरशात पाहिलं. शेठ बसल्या जागी पुढे झुकला, पट्ट्यानं त्याला अलगद मागे धरलं, आणि तो जांभई देऊन आडवा झाला.

कार्यालयात सगळी मंडळी खुर्च्या सोडून आली. शेठनं मोठ्या साहेबांचे बूट हुंगले आणि मग हॉलच्या मधोमध असलेल्या तपासणीच्या मोठ्या काट्यावर जाऊन तो बसला. काटा एकतीस किलो चारशे ग्रॅमवर थांबला. कारकुनानं सवयीनं लिहून घेतलं.

मोठ्या साहेबांनी फाइल मागवली आणि शेरा मारला: 'शेठ हे कुत्रा असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. प्रकरण दप्तरी दाखल करावे.' मग रजेचा अर्ज ओढला.

"इथे रजेचं कारण म्हणून तुम्ही लिहिलंय, 'कुत्र्याची गैरसोय दूर करणे'. हे कारण नियमात बसत नाही."

"मग काय लिहू?"

"कुठे निघालात?"

"सासुरवाडीला. मंडळी तिकडे आहेत. सात महिने झाले."

मोठ्या साहेबांनी शेठकडे पाहिलं. "मग पत्नीस भेटण्यासाठी, असं लिहा की सरळ."

"ते बरं दिसत नाही, साहेब. ऑफिसच्या कागदावर."

मोठ्या साहेबांनी पेन उघडलं, कारण खोडलं आणि वर आपल्या हातानं ते दोन शब्द लिहून खाली सही केली.

रजेच्या पहिल्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता ते निघाले. बसवाले काका बनियनवर खाली आले होते. त्यांनी टायर लाथेनं तपासले आणि खिडकीतून एक लिंबू आत टाकलं. "शेठसाठी नाही," ते म्हणाले, "तुमच्यासाठी."

दर दोन तासांनी काटेसाहेब घड्याळ बघून थांबले. शेठला झाडाखाली फिरवलं, वाडग्यात मोजून पाणी दिलं. एका पेट्रोल पंपावर भूक लागली तरी ते आत खायला गेले नाहीत, कारण बंद गाडीत एकट्याला सोडायचं नव्हतं. शेठ चारशे मीटरचा माळ हुंगून, अकरा दगड नापसंत करून बाराव्यावर पाय वर करायचा. परत येऊन आपणहून मागच्या सीटवर चढायचा.

गंमत अशी, की जसजसं अंतर कमी होऊ लागलं तसतशी गाडीही हळू होऊ लागली. दुपारनंतर काटेसाहेब चाळीसच्या वर जाईनात. गेल्या गेल्या काय बोलायचं, हे त्यांना ठरवायचं होतं.

"कशी आहेस, असं विचारावं," ते आरशात बघून शेठला म्हणाले. "पण ते तर रोज फोनवर विचारतो. आलो बाबा एकदाचा, असं म्हटलं तर? ते उपकार केल्यासारखं वाटतं. तुझी आठवण येत होती, असं... " पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मागून एक ट्रक जोरजोरात हॉर्न वाजवत पुढे गेला.

पाचच्या सुमारास ते पोचले. ती अंगणात दोरीवरच्या चादरी काढत होती. गाडी ओळखून ती चादर हातात तशीच घेऊन धावत आली. धावताना ती किंचित लंगडत होती. सात महिने आईला उचलून तिची कंबर धरली होती, हे तिनं फोनवर कधी सांगितलं नव्हतं. काटेसाहेब गाडीतून उतरले, घसा साफ केला, आणि ती त्यांच्या बाजूनं पुढे जाऊन मागचं दार उघडून आत शिरली.

"माझं सोनं! माझं बाळ ते! किती रे वाट बघायची!"

शेठ असा काही रडत होता की शेजारचे लोक बाहेर आले. काटेसाहेब चादरीचं एक टोक जमिनीला लागत होतं ते उचलून धरून उभे राहिले. बऱ्याच वेळानं तिनं शेठच्या पाठीवरून मान वर केली. डोळे ओले होते.

"किती वाळलात हो," ती म्हणाली.

"छे, वजन तेवढंच आहे," ते म्हणाले. सांगायला वाक्य शोधण्यात साडेतीनशे किलोमीटर गेले होते, आणि निघालं ते हे.

आतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांचे पाय चालत नव्हते, बाकी सगळं चालत होतं. "जावई आलाय की कुत्रा?"

"दोघंही, आई!"

"दोघांचे पाय पुसून घे!"

राहायचा एक दिवस कधी गेला ते कळलं नाही. आईला उठवणं, बसवणं, अंग पुसणं, औषधं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. काटेसाहेबांनी एक बाजू धरायला सुरुवात केली. पहिल्यांदा धरताना सासूबाई म्हणाल्या, "जपून, मी काही बटाट्याचं पोतं नाही." तिसऱ्यांदा त्यांनी आपणहून जावयाच्या खांद्यावर हात टाकला. शेठ खाटेखाली गेला आणि तिथेच दुकान मांडून बसला.

दुपारी दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटार सोलत बसले. तिची बोटं साबणानं भेगाळली होती.

"अजून किती महिने, काही सांगता येत नाही," ती शेंगेकडे बघत म्हणाली. "डॉक्टरांना विचारलं तर तेही बोलत नाहीत."

"नको विचारूस."

"तिकडे तुम्ही एकटे..."

"शेठ आहे की."

सोललेले दाणे तिनं त्यांच्या वाटीत ओतले आणि रिकामी वाटी आपल्याकडे घेतली. आतून हाक आली, आणि ती उठून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. शेठला चार तास उपाशी ठेवलं होतं, पाणी भरलं होतं. दार उघडताच शेठ उडी मारून मागच्या सीटवर चढला आणि पट्टा लावून घ्यायला छाती पुढे काढून बसला.

ती खिडकीशी उभी होती. "पट्टा नीट बसलाय ना? काच एवढीच ठेवा. दोन तासांनी थांबाल ना?"

"थांबेन."

"पोचलात की फोन करा. शेठ कसा राहिला ते सांगा."

"सांगेन."

काटेसाहेबांनी किल्ली लावली. किल्लीवर हात ठेवून ते समोर बघत राहिले. अंगणाबाहेर रस्ता मोकळा होता. मागे शेठ शांत होता, त्याच्याबद्दल काही करण्यासारखं उरलं नव्हतं. एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"गाडी सुरू होत नाही," काटेसाहेब म्हणाले.

"किल्ली फिरवून तर बघा."

"बघितली."

त्यांचा हात हललासुद्धा नव्हता, आणि ती हातभर अंतरावर उभी होती. त्यांचे कान लाल झाले. ते समोरच बघत राहिले.

ती गाडीला वळसा घालून आली, त्यांचं दार उघडलं आणि म्हणाली, "सरका."

ते शेजारच्या सीटवर सरकले. ती बसली आणि तिनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं आणि सुरेख, एकसारखं चालू राहिलं. तिघंही ते ऐकत बसले.

"झाली का गं सुरू?" आतून सासूबाई ओरडल्या.

तिनं इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मुठीत घट्ट धरली.

"नाही गं आई," ती ओरडून म्हणाली. "आज काही होईल असं वाटत नाही."